पासिंग बाकी आहे

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हा माझा प्रांत नाही. वार्षिकांकाचं काम बघणाऱ्या सरांनी मला व्हरांड्यात थांबवून "एखाद्या ऋतूवर ललित लिहून दे" असं सांगितलं, तेव्हा मी मान डोलावली आणि खोलीवर येऊन पार्टनरला विचारलं, ललित म्हणजे नक्की काय रे? तो म्हणाला, ज्यात गोष्ट नसते ते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. घरात लिहिणं म्हणजे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जेवणाच्या डब्यांवर ऑइलपेंटने काढलेली गिऱ्हाइकांची नावं, तीही निम्मी चुकलेली. मेकॅनिकलच्या मुलाला रेघ मारता येते, वाक्य जमेलच असं नाही. ज्यांना खरोखर लिहिता येतं त्यांच्या पंगतीत मधोमध बसायचा माझा आग्रह नाही. कडेला बसतो. वेडंवाकडं झालं तर सांभाळून घ्या.

आणि ऋतूही मी असा निवडलाय की ज्यात एक फूल उमलत नाही. आखातातला उन्हाळा. त्यावर कुणी ललित लिहिलं असेल असं वाटत नाही. पण मला दुसरा कुठला ऋतू इतका आठवत नाही, माझा इलाज नाही.

परीक्षेचा हंगाम परत आलाय म्हणून तो आठवतो. झेरॉक्सच्या दुकानापुढे गर्दी आहे. गच्चीवर मुलं पुटपुटत येरझाऱ्या घालतात. जर्नलवर सही मिळवायला सरांच्या मागे पळापळ चाललीय. मेसमध्ये ताटावर बसलं की एकच शब्द कानावर येतो. पास. कोण होईल, कोण काठावर, कुणाचा कुठला पेपर राहील. बाकीच्यांना त्या शब्दाने निकाल दिसतो. मला वास येतो. रेड ऑक्साइडचा, तापलेल्या पत्र्याचा, आणि त्यात मिसळलेला उकडलेल्या बटाट्यांचा.

पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी दुबईला गेलो होतो. शतक संपायला अजून थोडा अवकाश होता. अण्णा आणि दादा तिथे खानावळ चालवत. उन्हाळ्यात तिथली सगळी मराठी कुटुंबं भारतात येतात. बायका-मुलांनी विमानं भरून जातात आणि नवरेमंडळी डब्यावर राहतात. मी उलटा गेलो. विमानतळाच्या दारातून बाहेर पडलो आणि चष्मा एकदम पांढरा झाला. काही दिसेना. कुणीतरी ओलं, गरम फडकं तोंडावर दाबून धरावं तशी हवा.

"काय इंजिनिअर, दिसेना झालं?" दादाचा आवाज आला. "असंच असतं इथं. आधी आंधळं करतात, मग कामाला लावतात. यल्ला, चल."

चष्मा पुसून बघितलं तर दादाच्या भुवया जळलेल्या होत्या. दोन्ही. मी विचारलं तर म्हणाला, "घरी चल, दाखवतो."

अल मनखूलमध्ये एक जुना व्हिला होता. त्याचे तुकडे करून भाड्याने दिलेले. पुढच्या भागात कुलकर्णीकाका, एका कंपनीत हिशेबाच्या मोठ्या हुद्द्यावर, पुण्याचे. मागच्या भागात आमची खानावळ. बाजूला मालकाची गाडी ठेवायचं गॅरेज, वर पत्रा. अण्णांनी ते कांदे-बटाट्यांची पोती ठेवायला म्हणून घेतलं होतं. पोती अजून होती. पण ती एका भिंतीला सरकवून, उरलेल्या जागेत दादाने त्याचा संसार मांडला होता. मधोमध चार ठोकळ्यांवर एक लांबट, गंजकी, वरून उघडी वस्तू होती. तिला चाकं नव्हती, दिवे नव्हते, दार एकच होतं.

"ओळख," दादा म्हणाला.

मागून अण्णा टॉवेलने हात पुसत आले. "सांग की तूच आता. कालेजात शिकतोस नव्हं? मी इचारलं तर म्हनतोय गाडी हाय. मला तर गुरांची डोण वाटतीय. हितं कोन गुरं पाजनार हाय?"

कुलकर्णीकाकांची मुलगी त्याच आठवड्यात आईबरोबर पुण्याला निघाली होती. जायच्या आधी गॅरेजच्या दारात उभी राहून तिने विचारलं, "अंकल, इज इट अ बाथटब?" दादा तिला मराठीत म्हणाला, "नाही गं बाळा, गाडी आहे." ती म्हणाली, "बट इट हॅज नो रूफ." "रोडस्टरला छप्पर नसतंच." "देन यू विल मेल्ट," असं सांगून ती गेली. दादा तिच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "पोरगी हुशार आहे. पहिल्याच नजरेत नापास केलं."

मला त्या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. अमेरिकेत फार पूर्वी पोरं जुन्या टपराट गाड्या घ्यायची, त्यांचे मडगार्ड, बॉनेट, छप्पर, जे जे म्हणून वजनाचं असेल ते काढून टाकायची, पुढचा ॲक्सल खाली उतरवायची आणि आत मोठं इंजिन बसवायची. तिला हॉट रॉड म्हणतात. सगळं घरच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या हाताने. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात अमेरिकेहून जुन्या सुट्या भागांचे कंटेनर येतात. अशाच एका कंटेनरमध्ये इंजिनांच्या आडोशाला टाकलेला हा सांगाडा आला होता, तिशीच्या दशकातला. तिथला भंगाराचा यार्डवाला दादाचं डब्याचं गिऱ्हाईक. तो दादाला म्हणाला होता, "ले जा भाई, इसमें पानी भर के मछली रख." दादा तो सांगाडा डब्याच्या व्हॅनच्या टपावर बांधून घेऊन आला.

का, हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. दादा तसा शौकीन नव्हता. दहावीला तीनदा बसला. इंग्रजी दोनदा गेलं, तिसऱ्यांदा गणित गेलं. मग अण्णांनी त्याला तिकडे नेलं. तेव्हापासून तो पहाटे भाज्या आणायचा, दुपारी आणि संध्याकाळी डबे पोचवायचा. माझी फी त्या डब्यांतून यायची, हे इथं लिहिताना मला संकोच वाटतो, पण न लिहिणं बरं नाही.

आईने माझ्याबरोबर त्याच्यासाठी मेतकूट, तीळकूट आणि एक पेन दिलं होतं. पेन वेगळं, हळदी-कुंकवाच्या पुडीसकट कागदात गुंडाळून. "गणपतीच्या पायावर ठेवलंय," ती म्हणाली होती. "त्येला म्हनावं, घाबरू नको. शांत डोक्यानं लिही." मला तेव्हा काही समजलं नाही. गाडीची वेळ झाली होती. मी पेन खिशाला लावलं आणि निघालो.

ते पेन मी दादाच्या हातावर ठेवलं आणि आईचा निरोप सांगितला. तो बघतच राहिला. मग दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला.

आमच्या गावी घरी फोन नव्हता. वाण्याच्या दुकानात होता, पण तिथे निरोप देऊन आईला बोलावून आणेपर्यंत दादाचं फोनकार्ड संपून जायचं. म्हणून तो मला हॉस्टेलवर फोन करायचा. घाईघाईने दोन-चार गोष्टी सांगायचा आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "बरं, ठेवतो. आईला सांग." मी गावी गेलो की सगळे निरोप आईला सांगायचो. मी दुबईला जायच्या आदल्या हिवाळ्यात त्याने एकदा सांगितलं होतं, "एक काम काढलंय. पासिंग बाकी आहे. पास झालं की आईला इकडं घेऊन येणार. आईला सांग." मला वाटलं डब्याच्या व्हॅनबद्दल बोलतोय. तिथे गाडी रस्त्यावर आणायच्या आधी तपासणी होते, तिला सगळे पासिंगच म्हणतात. मी आईला जसंच्या तसं सांगितलं. दादाचं पासिंग बाकी आहे, पास झाला की तुला नेणार म्हणतोय.

आईने ऐकलं ते असं, की थोरला परत दहावीला बसतोय.

तेव्हापासून ती मंगळवार धरत होती. शेजारणींना सांगून झालं होतं. गावातल्या मास्तरांना विचारून आली होती की दुबईत सेंटर असतं का. मास्तर म्हणाले, असेल बाई, हल्ली सगळीकडे असतं.

दादा हसायला लागला. पोत्यावर बसून, पोट धरून. अण्णांना हाक मारली, "अण्णा, ऐका, मी दहावीला बसतोय!" मग हळूहळू हसायचं थांबला. पेन उलटसुलट करून बघितलं. टोपणाला कुंकू लागलं होतं.

मी म्हणालो, "वाण्याकडे फोन करून सांगू का तिला खरं काय ते?"

"काय सांगणार? गाडीची परीक्षा आहे म्हणून?" तो म्हणाला. "राहू दे. मंगळवार तर मंगळवार. पास म्हणजे पासच. कोण का होईना."

मग त्याने मला सांगितलं की गाडी कशासाठी. आई जन्मभर मागे बसली. बैलगाडीत मागे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मागे, एसटीत मागची सीट, कुणाच्या लग्नाला जीपने गेली तर मागच्या फळकुटावर, मांडीवर कुणाचं तरी पोर. "ह्या गाडीला मागची सीटच नाही," दादा म्हणाला. "दोनच आहेत. दोन्ही पुढं. डिसेंबरात इथं हवा मस्त असते, व्हिजिट व्हिसावर आणायचं आणि समुद्राच्या रस्त्यानं फिरवायचं. वर छप्पर नाही, सगळं दिसतंय."

अण्णा म्हणाले, "डब्याच्या व्हॅनमधनं फिरीव की. ती बी पुढंच बसंल."

"आमटीच्या वासात?"

"मग काय झालं? बायकू कुनाची हाय?"

तो सगळा उन्हाळा आम्ही गॅरेजमध्ये काढला. दुपारचे डबे पोचवून दादा आला की पत्र्याखाली शिरायचो. घाम पुसण्याचा प्रश्नच नव्हता, अंगातून पाण्यासारखा गळायचा आणि तापलेल्या पत्र्यावर पडला की चर्र व्हायचा. स्पॅनर उन्हात राहिला तर फडक्याशिवाय उचलता यायचा नाही. बाहेर रस्त्यावर माणूस नाही, कावळा नाही. एसीच्या डब्यांतून टपटपणाऱ्या पाण्याखाली मांजरं पडलेली. अजानचा आवाज यायचा तोही उन्हाने वाळल्यासारखा.

रास अल खोरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून एका अपघातातल्या अमेरिकन गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन आणलं होतं. ते बसवायला सांगाड्यात आडव्या तुळया जोडल्या. पुढच्या स्प्रिंगचे पाटे कमी केले. ब्रेकचं गणित मी केलं, स्टिअरिंगचा कोन मी काढला. वर्गात जे आकडे नुसते आकडे होते ते इथे हाताला लागायचे, आणि मला खरंच वाटायचं की मी काहीतरी शिकलोय. जोडकाम दादाचं. वेल्डिंग शिकताना त्याच्या भुवया गेल्या होत्या. त्याला सगळं जुन्या पद्धतीने हवं होतं. पत्र्याला खड्डे होते, मी म्हणालो पुट्टी भरू. तो म्हणाला, पुट्टी नाही. पूर्वीचे लोक शिसं वितळवून भरायचे आणि लाकडी पट्टीने सारवायचे. पट्टीला चरबी लावावी लागते. आमच्याकडे चरबी कुठली. दादाने स्वयंपाकघरातून अण्णांचा लाकडी चाटू आणि डालड्याचा डबा पळवला.

संध्याकाळी अण्णांचा आवाज आला, "माझा चाटू कुठं गेला रं?"

"गाडीत गेला," दादा म्हणाला. "आता परत मागू नका, शिसं लागलंय. विष असतंय ते."

"लेकानू, पिठलं कशानं हाटू मी आता?"

"स्पॅनर देऊ?"

अण्णा चप्पल शोधायला लागले. दादा गाडीखाली सरकला. त्या उन्हाळ्यातलं माझं सगळ्यांत आवडतं चित्र हेच. गाडीखालून बाहेर आलेले दादाचे दोन पाय, आणि पायांशी बोलत उभे असलेले अण्णा.

आणखी एक आठवतं. यार्डवाल्याने दादाला गाड्यांचं एक जुनं अमेरिकन मासिक दिलं होतं. पानं तेलाने पारदर्शक झालेली. दादा पोत्यावर बसून ते वाचायचा. शब्दाखाली बोट ठेवून, ओठ हलवत. अडलं की मला विचारायचा, "हे काय म्हणतंय बघ." मी सांगितलं की समासात आईच्या पेनने मराठीत लिहून ठेवायचा. बारीक अक्षर, ओळीत. ज्या इंग्रजीने त्याला दोनदा घरी पाठवलं होतं, तिच्यासमोर तो पुन्हा मांडी घालून बसला होता. कपाळावर आठ्या, कानामागे खडू. मी समोरून बघायचो आणि मनात यायचं, आई फार चुकली नव्हती.

ऑगस्टच्या एका शुक्रवारी सकाळी गाडी पहिल्यांदा सुरू झाली. रंग नव्हता, नुसतं अस्तर, सगळी तपकिरी रेड ऑक्साइडमध्ये. दादाला तीच आवडली होती, पुढे रंगवायचीच नाही म्हणाला. आवाज असा की कुलकर्णीकाका गंजिफ्रॉकवर बाहेर आले. "अरे, व्हिला पाडतोस की काय!" मग त्यांनी गाडीला एक फेरी मारली, चष्मा वर केला आणि हळूच म्हणाले, "सुंदर आहे रे. पण ही रजिस्टर कशी होणार? हिचे कागद कुठे आहेत?"

दादा म्हणाला, "होईल काका. इन्शाल्ला."

डाव्या सीटवर दादा बसला. स्टिअरिंग तिकडे डावीकडे असतं. उजवी सीट रिकामी होती. तिच्यावर त्याने निळं रेक्झिन शिवून घेतलं होतं आणि वर प्लॅस्टिक तसंच ठेवलं होतं. पेन समोरच्या पत्र्यावर, डायलच्या शेजारी, छोट्या चिमट्यात बसवलं होतं. "अण्णा, बसा," दादाने हाक मारली. अण्णा कांद्याचे हात घेऊन पायरीवर उभे होते.

"मी न्हाई," ते म्हणाले.

"घाबरला काय?"

"घाबरतोय कशाला. ती तिची जागा हाय न्हवं? तिला बसू दे आदी."

असं म्हणून ते आत गेले आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज करत राहिले. दादाने मग मलाही बस म्हटलं नाही. एकटाच गॅरेजमधून फाटकापर्यंत गेला आणि मागे मागे परत आला. रस्त्यावर न्यायला परवानगी नव्हती. एवढाच तिचा आमच्याकडचा प्रवास.

पासिंगच्या दिवशी दादाने डोक्याला तेल लावलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. निघताना अण्णांच्या पाया पडला, अण्णांनी हातावर दही ठेवलं. हे सगळं चेष्टेत चाललंय असं आम्ही तिघंही दाखवत होतो. गाडी रिकव्हरीच्या ट्रकवर चढवून नेली. मी काढलेलं ड्रॉइंग गुंडाळी करून माझ्या हातात.

तपासणी करणारा माणूस तरुण अरबी होता. वागायला चांगला. आजूबाजूला पांढऱ्या टॅक्स्या, पिकअप, आणि मध्ये आमची ही. लोक जमले. त्याने ब्रेक बघितले, मान हलवली. दिवे बघितले, हॉर्न वाजवला, हसला. वाकून चासी बघितली. ड्रॉइंग उलगडून बघितलं आणि म्हणाला, "हबीबी, बहुत अच्छा. कौन कंपनी?"

"कंपनी नहीं सर. घर का है. होम मेड."

"होम मेड? खाना होता है होम मेड." तो हसला, आम्हीही हसलो. "मॉडेल? कौन साल?"

दादाने माझ्याकडे बघितलं. अंग तिशीतलं, इंजिन अलीकडचं, ॲक्सल कुठल्या पिकअपचा, चाकं तिसऱ्याची. कुठलं साल सांगणार?

"पेपर?"

"पेपर नहीं है सर."

त्याला वाईट वाटलेलं दिसलं. त्याने गाडीच्या अंगावर हात फिरवला, जिथे शिसं भरलं होतं तिथेच. मग म्हणाला, "ब्रेक पास. लाइट पास. पेपर नहीं तो पासिंग नहीं. क्या करेगा? खलास."

परत येताना ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही दोघं बसलो होतो. मागे गाडी. दादा बराच वेळ आरशातून तिच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "बघ, माझीच आहे. सगळं येतंय, पेपरला बसली की जातीय."

सुट्टी संपली. मी गावी गेलो तेव्हा आईने आधी पाणी दिलं नाही, आधी विचारलं, "झाला का पास?"

"अजून नाही. परत बसणार आहे."

"कुठं अडतंय त्येचं?"

"पेपरचं अडलंय," मी म्हणालो. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"पेपरच अवघड जात्यात त्येला," ती म्हणाली. "पहिल्यापास्नं. तोंडी इचारलं तर सगळं सांगतोय." आणि चुलीकडे वळली.

पुढचे काही महिने दादा कागदांच्या मागे होता. कुणी म्हणालं सांगाड्याच्या कंटेनरची पावती शोध. यार्डवाल्याकडे ती नव्हती. कुणी म्हणालं प्रदर्शनाची गाडी म्हणून अर्ज कर. फोन आला की मी विचारायचो, तो सांगायचा, "बाकी आहे. आईला सांग, डिसेंबर नाही जमला तर जानेवारी."

दिवाळीनंतर आईच्या पोटात दुखायला लागलं. मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि इंग्रजीत सांगितलं. घरात इंग्रजी समजणारा मीच होतो. ते शिक्षण तेव्हा मला नको झालं. पलंगावर ती लहान होत गेली. एका दुपारी डोळे न उघडताच म्हणाली, "थोरल्याचा निकाल कधी लागतोय?"

"लागेल," मी म्हणालो.

"लागंल," तीही म्हणाली, मलाच धीर दिल्यासारखं.

जानेवारीत ती गेली. समुद्राच्या रस्त्यावर जेव्हा हवा मस्त असते, त्याच दिवसांत. अण्णा दुसऱ्या दिवशी पोचले. दादाचा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी अडकला होता. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. अंगणात उभा राहिला, बॅग खाली न ठेवता. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, दहाव्याला तरी पायजे होतास. रात्री जेवताना तो मला म्हणाला, "दहावी पण हुकली, दहावं पण हुकलं. माझं दहाशी जमतच नाही बघ." आणि हसायचा प्रयत्न केला. त्याच्या भुवया तोवर परत आल्या होत्या.

नंतर काय झालं ते तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. व्हिलाच्या मालकाने जागा रिकामी करायला सांगितलं, तिथे इमारत होणार होती. खानावळ शारजाच्या एका फ्लॅटमध्ये गेली. चौथ्या मजल्यावर गाडी कुठे नेणार? इंडस्ट्रियल एरियातल्या यार्डात ताडपत्रीखाली ती काही महिने पडून होती. दादा शुक्रवारी जाऊन इंजिन सुरू करून यायचा, नंतर तेही बंद झालं. गेल्या वर्षी शारजातला एक अरबी मुलगा ती घेऊन गेला. जुन्या गाड्यांचं त्याला वेड आहे म्हणे. दादाने फोनवर एवढंच सांगितलं, "दिली." त्या फोनला शेवटचं वाक्य नव्हतं. आई गेल्यापासून कुठल्याच फोनला नव्हतं. बोलणं संपलं की आम्ही दोघं थोडे थांबायचो आणि मग रिसीव्हर ठेवायचो.

कुणी विचारेल, यात ऋतू कुठे आहे? मला वाटतं, तो सगळा त्या गॅरेजमध्येच आहे. आता इथे पुण्यात हॉस्टेलवर मे महिन्याची दुपार असते, पोरं पंख्याखाली बनियनवर पडून गाइड वाचतात, आणि मला मध्येच ऐकू येतं की कुणीतरी पत्र्यावर हळूहळू ठोकतंय, खड्डा काढतंय. तो आवाज थांबूच नये असं वाटतं. थांबला की विचारावं लागतं, झालं का?

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शेवट सुचत नव्हता. परवा थर्मलचा पेपर देऊन आलो. रखवालदाराने खालून आवाज दिला, "दुबईचा फोन!" चप्पल न घालता जिना उतरलो.

"कसा गेला पेपर?" दादाने विचारलं.

"बरा गेला. होईन पास."

"हं." मग नुसती खरखर. "गाडी पास झाली रे."

"कुठली?"

"आपलीच. त्या पोरानं कुठून कुठून कागद केले. जुन्या गाड्यांचा वेगळा नंबर मिळालाय. काल खानावळीखाली घेऊन आला होता दाखवायला. चालवत. रस्त्यावरून."

मी विचारलं, "पेन आहे?"

"आहे. त्यानं विचारलं, ये क्या है. म्हटलं, उसका हॉल तिकीट है, निकालना मत." मग म्हणाला, "अण्णा पण खाली आले होते. बघितली, पण जवळ गेले नाहीत. त्याच्या शेजारी त्याची आई बसली होती. म्हातारी आहे. समोरच्या काचेला धरून बसली होती घट्ट, आणि हसत होती."

"दादा."

"प्लॅस्टिक काढलंय त्यांनी सीटवरचं. बरं केलं." मागे कुठेतरी अण्णांचा खोकला ऐकू आला. "बरं, कार्ड संपत आलंय. ठेवतो. पास झाली म्हणून आईला सांग."